वर गेलेली नोंद : सार्वजनिक आरोग्यातील डिजिटल तंत्रज्ञान आणि त्याच्या वाटेतले अडथळे

सार्वजनिक आरोग्यातील डिजिटल तंत्रज्ञानाची चर्चा सुरू झाली की ‘स्वीकार’ हा शब्द हमखास येतो आणि त्याच्या मागोमाग ‘अडथळे’ हा दुसरा. या जोडीत एक गृहीतक दडलेले आहे : तंत्रज्ञान तयार आहे, चांगलेही आहे, आणि तरीही ते रुजत नसेल तर वापरणाऱ्याच्या सवयीत, शिक्षणात किंवा मनोवृत्तीत काहीतरी उणे असले पाहिजे. शासकीय टिपणांत म्हणूनच प्रशिक्षण, क्षमताबांधणी आणि मानसिकतेतला बदल हे तीन उपाय पुन्हापुन्हा वाचायला मिळतात. गावपातळीवर मात्र हे गृहीतक फार वेळ टिकत नाही. शासनाच्या पोर्टलवर माहिती भरायला जी आशा स्वयंसेविका नाखूश असते, तीच दिवसभर व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो, याद्या आणि निरोप पाठवत असते, मोबाईलवरूनच वीजबिल भरते आणि मुलाच्या परीक्षेचा अर्जही भरते. मोबाईल तिने केव्हाच आपलासा केला आहे. ती नाकारते ते त्यावरून सांगितलेले एक विशिष्ट काम, आणि त्या नकाराला कारण असते. ते कारण कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठीची उदाहरणे भारतातली, आणि शक्य तेथे महाराष्ट्रातली घेतली आहेत.

एव्हरेट रॉजर्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धांत मांडला आणि नवी गोष्ट उचलणाऱ्यांचे, आघाडीवरच्या मोजक्या लोकांपासून मागे रेंगाळणाऱ्यांपर्यंत, वर्ग पाडले. पुढे १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी संगणकाच्या वापराबद्दल त्याहून साधे सूत्र दिले : एखादे साधन माणसाला उपयोगाचे वाटले आणि वापरायला सोपे वाटले, की तो ते वापरतो. ज्याचे काम त्याच्याच हाती साधन, अशा कार्यालयीन कर्मचाऱ्याला हे सूत्र चपखल लागू पडते. सार्वजनिक आरोग्यात मात्र माहिती भरणारी व्यक्ती एक आणि त्या माहितीचा उपयोग होणारी व्यक्ती दुसरी, बहुधा शेकडो किलोमीटर दूर बसलेली, असते. साधन उपयोगाचे आहे यात वाद नाही. ते कोणाच्या उपयोगाचे, हे सूत्रात विचारलेलेच नाही, आणि पुढचे बहुतेक घोळ या न विचारलेल्या प्रश्नातून निघतात.

भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली तेव्हापासून देशाची ग्रामीण आरोग्यव्यवस्था एका उतरंडीवर उभी आहे. सध्याच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असते. या उतरंडीत औषधे, लसी, पैसा आणि आदेश वरून खाली येतात, तर अहवाल खालून वर जातात. २००८ साली आरोग्य व्यवस्थापन माहितीचे, म्हणजे एचएमआयएसचे, राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. त्यात महिन्याला किती बाळंतपणे झाली, किती बालकांना लस मिळाली, असे नुसते आकडे भरले जात. डिसेंबर २००९ मध्ये माता आणि बालकांचा नावानिशी मागोवा घेणारी एमसीटीएस ही प्रणाली आली आणि पुढे तिची जागा आरसीएच, म्हणजे प्रजनन व बालआरोग्य, पोर्टलने घेतली. या दोन प्रकारांतला फरक मुळातला आहे. आकडा वर बसलेल्याच्या कामाचा असतो. नाव मात्र खाली काम करणाऱ्याच्याही कामाचे होऊ शकते, कारण अमक्या वस्तीवरच्या अमक्या गरोदर मातेची तिसरी तपासणी राहून गेली आहे, हे आरोग्यसेविकेला खरोखरच हवे असते. एमसीटीएसची मूळ कल्पना म्हणूनच चांगली होती, आणि तिची फलश्रुती म्हणूनच अधिक खेदाची ठरते.

गरोदर मातेची एक नोंद प्रत्यक्षात कशी फिरते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पाळी चुकल्याची बातमी प्रथम आशेच्या डायरीत येते, तेथून ती आरोग्यसेविकेच्या आरसीएच रजिस्टरमध्ये जाते, आणि हे रजिस्टर म्हणजे मांडीवर मावणार नाही अशा रुंदीची, एकेका मातेसाठी डझनावारी रकाने असलेली वही असते. त्याच वेळी मातेच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड पडते आणि त्यावर तीच माहिती तिसऱ्यांदा लिहिली जाते. मातृवंदना योजनेच्या अर्जात ती चौथ्यांदा येते, महिनाअखेरच्या अहवालात ती एक आकडा होऊन पाचव्यांदा उतरते, आणि पोर्टलवर चढते ती या सर्वांनंतर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डाटा एन्ट्री ऑपरेटरला वीज, नेट आणि सवड या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतील त्या दिवशी. पोर्टल त्या बदल्यात ‘ड्यू लिस्ट’ देते, म्हणजे या आठवड्यात कोणाची तपासणी किंवा लस बाकी आहे त्यांची यादी. पण नोंदच तीन आठवडे उशिरा चढलेली असेल तर यादीत ज्यांना लस देऊन झाली त्यांची नावे असतात आणि नव्याने जन्मलेल्यांची नसतात. अशी यादी दोनदा हाती आली की आरोग्यसेविका तिसऱ्यांदा ती उघडत नाही. ती आपल्या जुन्या पिशवीकडे वळते.

ही पिशवी, इंग्रजी नावाने जिला टिकलर बॅग म्हणतात, शहरी वाचकाच्या परिचयाची नसते. भिंतीवर टांगायच्या कापडी पिशवीला बारा महिन्यांचे बारा कप्पे शिवलेले असतात, आणि लसीकरण पूर्ण झालेल्यांसाठी व गाव सोडून गेलेल्यांसाठी असे आणखी कप्पे असतात. बालकाला एक लस दिली की त्याच्या कार्डाचे अर्धे, म्हणजे स्थळप्रत, पुढची लस ज्या महिन्यात द्यायची त्या कप्प्यात टाकायची. महिना उजाडला की त्या कप्प्यातल्या स्थळप्रती बाहेर काढायच्या, तीच त्या महिन्याची यादी. या पिशवीला वीज लागत नाही, रेंज लागत नाही, तिचा पासवर्ड कोणी विसरत नाही, आणि मुख्य म्हणजे जी बाई तीत माहिती टाकते तिलाच ती माहिती वेळेवर परत मिळते. कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या प्रणालींची या एका कसोटीवर कापडाच्या पिशवीशी तुलना केली, तर निकाल बहुधा पिशवीच्या बाजूने लागेल.

याचा अर्थ कागदाचा काळ सुवर्णकाळ होता असा मुळीच नाही. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची खरी संख्या सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी मोठी असल्याचे दाखवून दिले, तेव्हा नोंदी कागदावरच होत्या. गडचिरोलीतल्या ज्या ३९ गावांत बंग यांचा, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, तेथेही नोंदी कागदावरच होत्या, फरक इतकाच की तेथे मृत्यूची नोंद करणाऱ्या आरोग्यदूताला त्या नोंदीतून शिकायचे होते, आणि सरकारी उपकेंद्रात मृत्यू नोंदवला की खुलासा द्यावा लागे. खुलाशाची भीती हा सार्वजनिक आरोग्यातला सर्वांत जुना अडथळा आहे आणि डिजिटल साधनांनी तो कमी झालेला नाही. उलट जिल्ह्याच्या बैठकीत पडद्यावर लाल रंगात झळकणारा तालुका म्हणजे चुकलेला तालुका, असा समज एकदा पसरला की रंग बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून आकडाच बदलला जातो, आणि मग चकचकीत पडद्यावर जुनीच पानगळ झाकली जाते.

कर्मचाऱ्यांचा नकार कसा बोलतो, हे २०२१ साली महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षी केंद्राने पोषण ट्रॅकर हे ॲप आणले आणि अंगणवाडी सेविकांनी बालकांची वजन-उंची, हजेरी आणि आहारवाटप त्यावर नोंदवावे असा आग्रह धरला. आधी मिळालेल्या शासकीय मोबाईलची स्मृती इतकी तोकडी होती की ॲप चालवताना तो तापे, अडके; त्यात ॲपची भाषा इंग्रजी. ऑगस्टमध्ये सेविकांनी हे मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. या आंदोलनाची संभावना काही जणांनी ‘तंत्रज्ञानाला विरोध’ अशी केली. मागणी मात्र चालणारा मोबाईल आणि मराठी भाषा यांची होती, आणि ती करणाऱ्या बायकांनी त्याच काळात स्वतःच्या पैशाने रिचार्ज मारून, स्वतःच्या किंवा मुलाच्या मोबाईलवरून काम निभावलेही होते. निकृष्ट कुदळ नाकारणाऱ्या मजुराला कोणी शेतीचा विरोधक म्हणत नाही.

साधन चालू आहे आणि सोपेही आहे, तरी ते भलतेच मोजू शकते, याचे उदाहरण क्षयरोगाच्या कार्यक्रमात सापडते. क्षयाचे औषध सहा महिने वा अधिक काळ नेमाने घ्यावे लागते, आणि रुग्णाने कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळी घ्यावी म्हणून त्याला रोज केंद्रावर बोलावणे त्याच्या मजुरीवर घाला घालणारे असते. ९९डॉट्स नावाच्या पद्धतीने यावर कल्पक तोड काढली : गोळ्यांच्या पाकिटावर आणखी एक छापील वेष्टन चढवायचे, गोळी बाहेर ढकलली की वेष्टनामागचा क्रमांक दिसावा, आणि रुग्णाने त्या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद आपोआप होईल. कल्पना इतकी देखणी होती की तिचे कौतुक आधी झाले आणि पडताळणी मागाहून. तमिळनाडू व मुंबईतल्या केंद्रांवरील रुग्णांच्या लघवीची अचानक तपासणी करून जेव्हा ती पडताळणी झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की फोनच्या नोंदीनुसार ज्यांनी गोळी चुकवली त्यांतल्या अनेकांनी ती घेतलेली होती. गोळी घेणे आणि फोन करणे ही दोन वेगळी कामे आहेत. घरात एकच फोन असतो, तो नवऱ्यासोबत कामावर जातो, रेंज नसते, आणि सहा महिने रोज फोन करण्याचा कंटाळा आजाऱ्यालाच काय, धडधाकट माणसालाही येईल. ज्या रुग्णाने औषध नेमाने घेतले त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागली, आणि त्या गैरहजेरीमागे कर्मचाऱ्याने एक फेरी वाया घालवली.

त्याच कार्यक्रमातले ‘नि-क्षय’ हे पोर्टल मात्र थोडी वेगळी गोष्ट सांगते. खासगी डॉक्टरांनीही प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवावी, असा आदेश मे २०१२ मध्ये निघाला आणि पुढच्याच महिन्यात ते पोर्टल सुरू झाले. बरीच वर्षे ती नोंद म्हणजे डॉक्टरच्या डोक्याला ताप एवढेच होते. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे मिळण्यासाठी नोंद आवश्यक असल्याने ‘माझे नाव चढले का?’ हे विचारणारा माणूस प्रथमच व्यवस्थेच्या खालच्या टोकाला उभा राहिला. बँकखाते नसलेल्या, किंवा गाव सोडून शहरात राबणाऱ्या रुग्णाची यात ओढाताण झाली हे खरेच आहे. तरीही नोंदीला खालून मागणी निर्माण होणे ही या सगळ्या इतिहासातली दुर्मीळ घटना आहे, आणि प्रशिक्षणाच्या शंभर सत्रांनी ती घडली नसती.

या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण लसींच्या शीतसाखळीचे आहे. शीतसाखळी म्हणजे कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत लस ठरावीक थंडाव्यात ठेवणारी यंत्रणा. बहुतेक लसींसाठी हा थंडावा २ ते ८ अंश सेल्सिअस इतका लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने २०१५ पासून ई-विन ही प्रणाली १२ राज्यांत आणि पुढे देशभर नेण्यात आली. तिच्यात आधी साठ्याच्या नोंदवह्या सगळीकडे एकसारख्या केल्या गेल्या, मग शीतसाखळी सांभाळणाऱ्याला मोबाईल दिला गेला, आणि सत्र संपले की उरलेल्या कुप्यांचा आकडा त्यावर टाकायचा एवढेच काम ठेवले गेले. शीतपेटीतल्या तापमानमापकात सिमकार्ड बसवलेले असल्याने रात्री-अपरात्री वीज जाऊन पारा चढला तर संबंधिताच्या मोबाईलवर संदेश येतो. शीतसाखळी सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : पूर्वी सकाळी पेटी उघडल्यावर लस बिघडल्याचे कळे आणि खुलासा त्याच्याच माथी येई, आता त्याला लस वाचवायला वेळ मिळतो. शेजारच्या केंद्रात पडून असलेला साठाही जिल्ह्याला दिसतो, त्यामुळे इकडे तुटवडा आणि तिकडे मुदत संपलेल्या कुप्या ही जुनी कुचंबणा कमी होते. अडचण आली तर विचारायला जिल्ह्यात नेमलेला एक माणूस असतो, कुठल्यातरी दूरच्या मदतवाहिनीचे संगीत ऐकत बसावे लागत नाही. या प्रणालीला अडथळे आले नाहीत असे नाही. पण जो नोंद करतो त्याचेच काम तिने हलके केले, म्हणून ते पार झाले.

नागरिकांच्या बाजूचे अडथळे कोविडच्या काळात इतके उघडे पडले की त्यांवर फार बोलण्याची गरज नाही. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षांच्या व्यक्तींसाठी को-विन या लसनोंदणीच्या पोर्टलवर आधी नोंदणी करणे सक्तीचे झाले, आणि वेळ मिळवण्याची शर्यत चपळ बोटांच्या शहरी तरुणांनी जिंकली. मुंबई-पुण्याच्या गाड्या खेड्यातल्या केंद्रांसमोर उभ्या राहिल्या आणि केंद्राशेजारी राहणारा मजूर रांगेबाहेर उरला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले, थेट येणाऱ्यांना लस देण्याची मुभा त्याआधीच सुरू झाली होती, आणि मराठीसह इतर भारतीय भाषा पोर्टलवर जूनमध्ये आल्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३३ टक्के आढळल्या होत्या. म्हणजे सक्तीचा निर्णय झाला तेव्हा ही दरी प्रत्यक्षात होतीच.

अडथळे दूर करण्याचे जे मार्ग या उदाहरणांतून दिसतात, त्यांतला पहिला आणि सर्वांत अवघड मार्ग रजिस्टर बंद करण्याचा आहे. ॲप येते तेव्हा जुनी वही रद्द झाल्याचे पत्र क्वचितच निघते, कारण तपासणीला आलेला अधिकारी वहीच मागतो, लेखापरीक्षकाला सहीचा कागद लागतो, आणि पोर्टल बंद पडले तर काय, ही शंका वरिष्ठांच्याही मनात असते. दुहेरी नोंदीचा भार अशा रीतीने वरच्या पातळीवरच्या अविश्वासाचा भार असतो आणि तो उचलते मात्र उपकेंद्रातली बाई. नेट नसताना भरता येणारे आणि रेंजमध्ये आल्यावर आपोआप चढणारे ॲप, मराठी पडदा, रिचार्जचा आणि नोंदीच्या वेळेचा मोबदला, या गोष्टी आवश्यक आहेत आणि त्या करणे तुलनेने सोपे आहे. ‘आजपासून ही वही लिहू नये’ असे एका ओळीचे पत्र काढणे त्याहून कितीतरी अवघड असते. दुसरा मार्ग नवे काही सुरू न करण्याचा आहे. युगांडाने २०१२ साली, देणगीदारांच्या प्रायोगिक मोबाईल प्रकल्पांची देशात अक्षरशः साथ आल्यावर, असे नवे प्रकल्प काही काळ थांबवले आणि आधी जे आहे त्याचा मेळ घालायचे ठरवले. ब्रिटनने २००२ साली संपूर्ण राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी एकच प्रचंड संगणक कार्यक्रम वरून लादायला घेतला आणि अब्जावधी पौंड खर्चून २०११ साली तो गुंडाळला. सगळ्यांनी आपापले ॲप काढणे आणि सगळ्यांवर एकच लादणे, ही दोन्ही टोके महाग पडतात, आणि भारतात ती दोन्ही एकाच वेळी अनुभवायला मिळतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाची भूमिका या दोहोंमधली आहे : प्रत्येक व्यक्तीला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक द्यायचा, नोंदी जेथे तयार होतात तेथेच ठेवायच्या, आणि रुग्णाच्या संमतीने त्या एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाव्यात. कल्पना योग्य आहे. संमती हा तिचा कणा आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही त्यालाच महत्त्व दिले आहे. पण रांगेत पाच मिनिटे उरली असताना ‘आलेला ओटीपी सांगा’ एवढ्या वाक्यात जी उरकली जाते तिला संमती म्हणणे कठीण आहे, आणि तो ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर जात असेल तर गर्भपात, गुप्तरोग किंवा मनोविकार यांची नोंद कोणाच्या संमतीने कोणाला दिसते, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

या अभियानाची खरी कसोटी दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयात लागणार नाही. ती बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांवर लागेल. या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि पाच-सहा महिने मुक्काम सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या फडांवर, कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असतो. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला तेव्हा त्याचा अंदाज घेण्यासाठी राज्याला समिती नेमून स्वतंत्र पाहणी करावी लागली. इतक्या पोर्टलांपैकी एकही ते सांगू शकत नव्हते. अशा टोळीतल्या बाईचे नाव माहेरच्या उपकेंद्रात एक, सासरच्या रजिस्टरमध्ये दुसरे आणि आधारवर इंग्रजीच्या तिसऱ्याच वळणाने लिहिलेले असते. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे कदाचित फडावर, आणि मोबाईल क्रमांक नवऱ्याचा. तोही उचल फिटेपर्यंत दोनदा बदललेला.

तिच्या बाळाला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, समजा फेब्रुवारीत, द्यायचा असतो. कापडी पिशवीची मर्यादा नेमकी येथे उघडी पडते. त्या बाळाची स्थळप्रत बीडच्या उपकेंद्रात फेब्रुवारीच्या कप्प्यात नीट ठेवलेली असते, आणि बाळ त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर, उसाच्या पाचटावर, साडीच्या झोळीत झोपलेले असते. जवळच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला ते तेथे आहे हे कळण्याचा मार्ग आजही बहुधा एकच असतो, तो म्हणजे तिने स्वतः फडापर्यंत चालत जाऊन कोपीत डोकावणे.